कावळ्याने नेलेली होडी

रविवार, २ फेब्रुवारी १९४१. खंडाळा. दुपारच्या चहाची वेळ. आमच्या स्वयंपाकघरात हजर असलेली मंडळी: मी; आमचे हे, दारात, हातात वर्तमानपत्र; गंगू, भांडी अर्धी टाकून आलेली; भाऊंची वडिवळ्याची मावशी, पाटावर, भिंतीला टेकून. आणि आमचे भट्टीवाले भाऊ. भाऊ उभे.

उभे हे मुद्दाम लिहिले, कारण भाऊ बसलेले तोवर आमच्यापैकी कुणीच पाहिले नव्हते. चहा उभ्याने, जेवण उभ्याने, हिशेबाचे बोलणे तर एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून. चहा अर्धा प्यायचे, कप माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "निघतोच, वैनी." आत येतानाही हेच म्हणायचे. गंगू त्यांना चिडवायची, "भाऊ, आदी या तरी, मंग निगा." अशी पायाला भिंगरी बांधलेली माणसे तुम्हीही पाहिली असतील. गाडी चुकेल म्हणून धावत असतात, आणि गाडी कुठली ते विचारले तर सांगता येत नाही. भाऊंना मात्र सांगता येत होते. आम्हीच विचारले नव्हते.

आमचे घर म्हणजे उतारूंचे घर. मुंबईची कुटुंबे हवा पालटायला येत, महिना-दोन महिने राहत. कोठी, बिछाने, दूध, धोबी, सगळे माझ्याकडे. मला याद्या केल्याशिवाय जमत नाही. सकाळची यादी, आठवड्याची यादी, पावसाळ्यापूर्वीची यादी. काम झाले की रेघ मारायची. उतारूंना चहाबरोबर ताजा पाव हवा असे आणि लोणावळ्याहून येणारा पाव इथे पोचेपर्यंत वातड होई. म्हणून मागच्या अंगणात भट्टी घातली आणि भट्टीसाठी माणूस शोधला. सदतीस साली भाऊ आले ते असे.

"कुठे कुठे काम केलंत?" मी विचारले.

"समदीकडं, वैनी. ह्या डोंगरावरचा येक बंगला सोडला न्हाई."

"टिकलात कुठे?"

"कुटंच न्हाई."

उत्तर खरे होते, त्यामुळे मला माणूस बरा वाटला. पगाराचे त्यांनी विचारले नाही. विचारले ते भलतेच. "मागं झाडं कंची हायत?"

मी त्यांना अंगणात नेले. आंबा, जांभूळ, कागदी लिंबू यांच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. भट्टीच्या पलीकडे सासऱ्यांनी बी टाकून लावलेले पपनसाचे झाड होते. काटेरी, उंच, आणि तोवर पूर्ण वांझ. भाऊंनी त्याचे एक पान चुरगाळले आणि हुंगले.

"ह्याचं फूल कसं असतंय?"

"कुणाला ठाऊक? अजून धरलंच नाही."

"मंग ऱ्हातो," भाऊ म्हणाले.

पाव त्यांचा उत्तम होता. पण अधूनमधून भट्टी निवत आली की ते स्वतःसाठी काहीतरी वेगळेच भाजत. मैदा, साखर, लोणी, चिमूटभर मीठ घालून घट्ट कणीक. तिची बोटाएवढी वळी करायची, दोन्ही टोके चिमटायची, पोटात सुरीने चीर द्यायची आणि चीर थोडी फाकवायची. भाजून निघाली की हुबेहूब होडी. दगडासारखी टणक. उतारूंच्या मुलांना ती फार आवडे. भाऊ मात्र एक फोडून हुंगत, तोंड वाकडे करत, आणि बाकीच्या सगळ्या मुलांना वाटून टाकत. स्वतः एक तुकडाही तोंडात घालत नसत. मला नासधूस खपत नाही. एकदा मी हटकलेच.

"भाऊ, हे काय चाललंय? लोणी फुकट येत नाही."

"निघतोच, वैनी," म्हणाले. पण निघाले नाहीत. एका पायावरून दुसऱ्या पायावर करत त्यांनी सांगितले ते असे.

पहिल्या लढाईत भाऊ आणि त्यांचा मावसभाऊ दगडू, दोघे वडिवळ्याचे, पलटणीची खेचरे सांभाळायला फ्रान्सात गेले. मुक्काम मार्सेलिस बंदरात. छावणीच्या वाटेवर एका विधवा बाईचे भट्टीचे दुकान होते. भाऊ तिची लाकडे फोडून देत, ती त्यांना होड्या देई. तिकडे या होडीला नाव्हेत म्हणतात आणि ती त्या बंदराचीच, दुसऱ्या गावात तिला कुणी पुसत नाही. दरवर्षी दोन फेब्रुवारीला तिथले पुजारी भट्टीवर मंत्र म्हणतात, माणसे रांगा लावून होड्या घेतात आणि एक होडी घरात वर्षभर जपून ठेवतात. घर बुडत नाही, दर्यावर गेलेला माणूस परत येतो, अशी समजूत. पुढच्या वर्षी नवी आली की मगच जुनी काढायची.

"पण होडीच का?" मी विचारले. मला गोष्टीचे मूळ कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

"बाई सांगायची, लय जुन्या काळात शिडाबिगर, वल्ह्याबिगर येक होडी त्या किनाऱ्याला लागली. तिच्यात देवमानसं हुती. तिची ही आठवन. शेजारचा म्हातारा म्हनायचा, झूट हाय, ह्यो विनकराचा धोटा हाय. आन् गोदीतले म्हनायचे, दोगंबी येडी. ही खलाशांची शिदोरी. म्हैनोन् म्हैने इटत न्हाई म्हनून."

"यातलं खरं कुठलं? एक काय ते ठरवा."

"वैनी, तितं बी ठरलं न्हवतं. रोज भांडायची."

दगडूला तिथे न्यूमोनिया झाला. दवाखान्यात तो काही खाईना. भाऊंनी होडी चहात भिजवून त्याच्या तोंडाला लावली. त्याने अर्धी खाल्ली, अर्धी भाऊंच्या हातात परत दिली. त्यानंतर त्याने काही खाल्ले नाही.

एकोणीस साली भाऊ परतले तेव्हा पत्र्याच्या पेटीत, रुमालात गुंडाळलेली एक होडी होती. ती त्यांनी दगडूच्या आईच्या, म्हणजे मावशीच्या हातात ठेवली आणि सांगितले, "दगडूनं शेवटाला हे खाल्लं." एवढे सांगून ते नदीवर आंघोळीला गेले. आता पाहा, दिवस पितृपक्षाचे. दोन वर्षे मावशी लेकाच्या नावाने पान वाढत होती आणि दोन वर्षे कावळा पानाला शिवला नव्हता. गाव बोलत होते. लेकाच्या आवडीचे पानात नाही म्हणून कावळा शिवत नाही, हे आपल्याकडे कुणीही सांगेल. मावशीने होडी उचलली, भाताच्या मुदीवर ठेवली आणि पान कौलांवर नेऊन ठेवले. कावळा आला, भाताकडे पाहिलेही नाही, होडी चोचीत धरून थेट डोंगराकडे गेला.

भाऊ ओले धोतर खांद्यावर टाकून परत आले तर मावशी अंगणात रडत आणि हसत होती. "शिवला रं, शिवला! पोटभर जेवला माजा पोर!"

"मावशे," भाऊ म्हणाले, "ती तुज्यासाठी आनलीती. येकच हुती."

मावशीने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "आरं मेल्या, आदी सांगायचंस की. आता कावळ्याला ठावं आन् मला न्हाई." थोड्या वेळाने तिने विचारले, "कशी लागत हुती रं?"

"ग्वाड."

"गूळ बी ग्वाडच असतो. नीट सांग."

भाऊंना सांगता येईना. चव सगळी वासात होती आणि तो वास होता कसल्याशा फुलाच्या पाण्याचा. बाई ते निळ्या बाटलीतून ओतायची. फूल भाऊंनी कधी पाहिले नव्हते, नाव विचारायचे सुचले नव्हते. "मी करून आनतो," ते मावशीला म्हणाले.

तेव्हापासून दरवर्षी दोन फेब्रुवारीला भाऊ कामशेतला उतरून वडिवळ्याला चालत जात, होडी चहात भिजवून मावशीला देत. गुलाबपाणी घालून झाले. केवडा घालून झाला. "आत्तराच्या दुकानात जीभ घातल्यावानी लागतंय," मावशी म्हणाली. ती दरवेळी विचारायची, "ह्योच का?" आणि हो म्हणून मोकळे होणे किती सोपे होते! भाऊ म्हणत, "न्हाई, मावशे." ती म्हणे, "मंग पुढल्या सालाला ये."

आता माझ्या लक्षात आले. भाऊ एका बंगल्यातून दुसऱ्या बंगल्यात का जात होते ते. लोक त्यांना चंचल म्हणत. ते एकेका बागेतला बहर हुंगून पाहत होते. बाग संपली की नोकरी संपली. खंडाळ्यात एकच झाड उरले होते ज्याचे फूल कुणी पाहिले नव्हते, आणि ते आमच्या भट्टीमागे होते.

एकोणचाळीस साली उतारू मोटारी घेऊन येऊ लागले. आमच्या यांच्या मनात आले की मागे पत्र्याची शेड घालावी. "त्या पपनसाने आपल्याला काय दिलं? काटे." माझ्या यादीत यांनी स्वतः लिहिले: झाड तोडणे. मी दर आठवड्याला यादी नव्याने उतरवते. हे काम दर आठवड्याला एकेक ओळ खाली जात राहिले. शेवटी यांनी परस्पर माणूस बोलावला.

"कुऱ्हाडवाला आला नाही का आज?" यांनी संध्याकाळी विचारले.

"आलता की," भाऊ म्हणाले. "गरम पाव खाल्ला, गेला."

"आणि झाड?"

"उद्या ये म्हनलं."

कुऱ्हाडवाला कितीतरी उद्या येऊन पाव खाऊन गेला. भाऊंचे मात्र त्या दिवसांत कुठेच लक्ष लागेना. पहाटे भट्टी पेटवली की झाडाखाली, पाव काढला की झाडाखाली. मान वर करून फांदीन् फांदी पाहायचे. पुण्याची गाडी शिट्टी देऊन गेली की म्हणायचे, "मावशी थकलीया, वैनी. झाडाला सांगा की कायतरी." जसे काही झाड माझ्या हाताखाली कामाला होते.

चाळीसच्या फाल्गुनात एका सकाळी उतारू चहाला बसले होते आणि पाव येईना. मी मागे गेले. डोक्यावर पावाची परात घेऊन भाऊ झाडाखाली उभे होते. हलत नव्हते. हे मी पहिल्यांदा पाहत होते.

"भाऊ! चहा निवतोय!"

"वैनी, दार उघडलं बगा."

"कसलं दार?"

"तिच्या दुकानाचं."

मी वर पाहिले. भट्टीच्या बाजूच्या फांदीवर पांढरी, जाड पाकळ्यांची चार फुले उमलली होती. वास मलाही आला. गोड, थोडा कडवट, पहाटेसारखा थंड. मार्सेलिसच्या बाईच्या बाटलीत पपनसाचे फूल होते की त्याच्या जातकुळीतले दुसरे कुठले, मला माहीत नाही. भाऊंना ते पुरेसे होते.

आणि मग भाऊंनी घाई केली. फुले तोडली आणि चहासारखी खळखळ उकळली. वास उडून गेला, पातेल्यात कडू पाणी उरले. दुसऱ्या दिवशी घाटातून वारा सुटला आणि उरलेला बहर भुईला मिळाला. भाऊ त्याच दिवशी "निघतोच" न म्हणता निघून गेले. मी पावासाठी दुसरा माणूस पाहायचे यादीत लिहिले. पण चार दिवसांनी ते परत आले. वडिवळ्याला जाऊन मावशीला सांगून आले होते: येक वरीस थांब.

"काय म्हणाली?"

"म्हनली, थांबते की. मला कुटं जायाचंय? निघायची घाई तुला असती."

उकळू नये, वाफ धरावी, हे माझ्या माहेरचे काम. पातेल्यात पाणी आणि फुले, मधोमध वाटी, वर झाकण उलटे, झाकणावर गार पाणी. वाफ झाकणाला लागते आणि थेंब थेंब वाटीत पडते. सबंध उन्हाळा आम्ही मोगऱ्यावर हात बसवला. जाळ मंद ठेवायचा म्हटले की भाऊंचा जीव वर-खाली होई. "जरा वाढवू का, वैनी?" "हात लावाल तर याद राखा." दिवाळीला मावशीला अंथरुणातून उठवेना. तिच्याजवळ कुणी नव्हते. भाऊंनी तिला बैलगाडीने कामशेतला आणि गाडीने इथे आणले. भट्टीमागच्या आपल्या खोलीत ठेवले. ती बाजेवर पडून झाडाकडे बघायची आणि मला विचारायची, "बाई, तुमचं झाड लय आळशी दिसतंय. ह्या सालाला जमंल का त्याला?" लोणावळ्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन मान हलवली होती. झाड आधी की मावशी आधी, एवढाच प्रश्न होता, आणि तो घरातल्या प्रत्येकाला माहीत होता. हेसुद्धा सकाळी दात घासायला झाडाखालीच जाऊ लागले.

जानेवारी सरता सरता भट्टीच्या उबेची ती फांदी फुलली. फूल तोडले की फळ गेले, पण यांनी स्वतः शिडी धरली.

तर रविवार, २ फेब्रुवारी. हजर मंडळी वर दिलीच आहेत; मावशीला भाऊंनी खोलीतून उचलून आणले होते. होड्या भट्टीतून काढून परातीत ठेवल्या होत्या. मी चहा ओतला. भाऊंनी एक होडी बुडवली, मऊ होऊ दिली आणि बशी मावशीच्या हातात दिली. मावशीला दात नव्हते. तिने एक तुकडा तोंडात धरला आणि डोळे मिटले. गंगूने पदर तोंडाला लावला.

दरवर्षी मावशीचा घोट उतरायच्या आतच भाऊंचा चेहरा सांगून टाकायचा, असे ती म्हणे. ते येरझारा घालू लागत, डोके खाजवत, दाराकडे बघत. आज मागे काहीच आवाज नव्हता म्हणून मी वळून पाहिले. भाऊ जमिनीवर बसले होते. मांडी घालून, दोन्ही हात मांडीवर.

मावशीने डोळे उघडले, त्यांना तसे पाहिले आणि तो प्रश्न विचारलाच नाही. हळूहळू चघळत राहिली.

"लय चांगली हाय," म्हणाली. "ही खाऊन गेला व्हय माजा दगडू. मंग उपाशी न्हाई गेला."

अर्धी होडी संपली. उरलेली अर्धी तिने उचलली. आम्हाला सगळ्यांना वाटले की आता ती कावळ्यासाठी बाहेर ठेवायला सांगणार. हे दारातून बाजूलासुद्धा सरले. तिने हात भाऊंच्या पुढे केला.

"धर. ही तू खा."

"मी न्हाई, मावशे. तुज्यासाठी..."

"बावीस वर्सं मला चारतोयस. तू खाल्लीस का कवा? त्यानं अर्धी तुज्याच हातात दिलीती न्हवं? मंग? खा. आन् आता बसलायस तर बस जरा."

भाऊंनी ती खाल्ली. आम्ही सगळे दुसरीकडे बघत होतो. मी परातीतल्या होड्या उगाच मोजल्या.

श्रावणात मावशी झोपेतच गेली. दहाव्याला पिंडापाशी कुणीतरी विचारले, होडी आणली का? "ती जेवून गेलीया," भाऊ म्हणाले, आणि साधा भातच ठेवला.

त्यानंतर भाऊ स्थिर होतील असे मला वाटले होते. उलटेच झाले. आता झाडही त्यांना धरून ठेवत नव्हते. पाव करपू लागला. मालगाडी गेली तरी ते कुंपणापर्यंत जाऊन बघून येत. बेचाळीसच्या दोन फेब्रुवारीला त्यांनी शेवटच्या होड्या केल्या, सगळ्यांना वाटल्या आणि एक माझ्या कोठीत, तांदळाच्या डब्यावरच्या फळीवर ठेवली.

"भाऊ, माझ्या कोठीत वर्षापलीकडचं काही राहत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"वरसाचीच हाय, वैनी. पुढल्या सालाला मी येऊन बदलतो."

"येऊन? म्हणजे कुठून?"

तेव्हा कळले. मुंबईला गोदीत जाऊन बोटीवर भट्टीचे काम धरायचे आणि मार्सेलिस गाठायचे. बाई असेल तर तिला फुलाचे नाव विचारायचे. आणि जिथे दगडूला ठेवले तिथे जाऊन त्याला सांगायचे, आई जेवली.

"अहो, तिकडे लढाई पेटलीय," हे म्हणाले. "बोट कोण सोडतंय?"

"लढाई संपंल की कवातरी, साहेब. मी गोदीतच थांबतो. जवळ पडंल."

निघताना ते "निघतोच" म्हणाले नाहीत. स्वयंपाकघरात पाटावर बसले, चहा पूर्ण प्याले, कप स्वतः विसळून पालथा ठेवला, आणि गेले.

लढाई संपली. भाऊंचे पत्र नाही. त्यांना लिहिता येत नव्हते, म्हणून ते मी धरत नाही. लोणावळ्याचा एक मोटारवाला सांगतो की गोदीच्या खानावळीत त्याने त्यांना पाहिले, उभ्याने चहा पिताना. दुसरा कुणी सांगतो, बोटीवर गेले. दोन्ही ऐकीव.

पपनस आता दर माघात फुलते. हे उतारूंना फळे भेट देतात आणि झाड आपण कसे जगवले ते रंगवून सांगतात. वाफेचे पाणी मी दरवर्षी काढून ठेवते. कृती मला येते. कोठीच्या फळीवर भाऊंची होडी आहे, एक टोक उडालेले, मुंगीसुद्धा तिच्याकडे फिरकत नाही.

आज शनिवार, २ फेब्रुवारी १९४६. सकाळची यादी: धोब्याचे कपडे मोजणे, झाले. पूर्वेच्या खोलीतल्या गाद्या उन्हात टाकणे, झाले. लोणी कढवायचे नाही, बाजूला ठेवणे, झाले. भट्टी पेटवणे, झाले. गंगू मघापासून विचारते आहे की जाळ वाया का घालवायचा. त्याखाली एक ओळ आहे. गेली तीन वर्षे मी ती एका यादीतून दुसऱ्या यादीत उतरवत आले आहे, आणि आजही तिच्यावर रेघ मारलेली नाही.

कोठीतली होडी बदलणे.